हे कसं घ्याचं जी?

भजी आधी संपवा रे. थंड झाली की नुसतं तेल लागतं तोंडाला. आणि ज्याच्यामुळे ही भजी आली तो नवा पोरगा कुठाय? तो काय, कोपऱ्यात तोंड पाडून बसलाय. ये बाबा, पुढे ये. तुझ्या बाटलीचं लेबल कोणी काढलं ते मला ठाऊक आहे. पण मी सांगणार नाही, कारण विद्यार्थी मंडळातल्या पोरानं दुसऱ्याचं नाव फोडायचं नाही हा तुमचा नियम आहे. आमचाही होता. त्या नियमाला आग लागो.

हसा, हसा. तुम्हाला वाटतं हा खेळ तुम्ही काढला. अरे, कंपाउंडरीच्या वर्गात लेबल उडवणं माझ्याही आधीपासून चालत आलंय. नवख्यानं जीव ओतून औषध बनवायचं, बाटली पुसायची, डोसांच्या खुणांची पट्टी कातरून चिकटवायची, लेबल डकवायचं. गोंद ओला आहे तोवर कोणीतरी नखानं ते अलगद काढून घ्यायचं. मग मोठे कंपाउंडर येणार, नवख्याच्या सात पिढ्या उद्धरणार, आणि संध्याकाळी तो रडत रडत सगळ्या मंडळाला भजी खिलवणार. कोणाचं काही बिघडत नाही असं आपण म्हणतो.

चंद्रभान, कंदिलाची वात खाली कर. तेल पुरलं पाहिजे, ही गोष्ट लवकर संपायची नाही.

सूर्यभान नावाचा माझा सोबती होता. याच अमरावतीत आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. गोष्ट त्याची आहे. बहुतेक त्यानंच मला सांगितली, आणि शेवटचं जे आहे ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आम्ही शिकलो त्या दवाखान्याचं नाव विचारू नका, ते मी घेणार नाही.

सूर्यभान कास्तकाराचा पोरगा. घरची काळी जमीन, अंगानं उंच, बोलणं गोड. विद्यार्थी मंडळाचा तो चिटणीस होता. गणपती बसवायचा तर सूर्यभान, जत्रेत स्वयंसेवक न्यायचे तर सूर्यभान, मोठ्या डॉक्टरांच्या गळ्यात हार घालायचा तरी सूर्यभानच. अकोल्याच्या सुभद्रेशी त्याचं लग्न ठरलं होतं. पण तिचा बाप खमक्या. नोकरीचा हुकूम दाखव, मग अक्षता टाकतो, म्हणाला. आणि त्या साली नोकरी एकच होती. धामणगावकडच्या एका दवाखान्यात, राहायला घरासकट. परीक्षेत जो पहिला येईल त्याची.

पहिला येणार होता देवीदास. भातकुलीच्या माळ्याचं पोरगं. आई डोक्यावर वांग्याची टोपली घेऊन बाजाराला यायची. पोरगं अबोल, पण हात असा स्वच्छ की त्यानं औषध मोजलं आणि थेंब इकडचा तिकडे झाला असं कधी घडलं नाही. सूर्यभानला हे कळत होतं. त्याची झोप उडाली होती.

आमच्या परीक्षेचा एक भाग असा होता की आपण बनवलेलं औषध खऱ्या रोग्याला द्यायचं, आणि आठवड्यानं रोगी परत आला की गुण आला की नाही ते मोठे डॉक्टर पाहायचे. त्यावर मार्क. देवीदासच्या वाट्याला माणिकबाई आली. बडनेऱ्याच्या ठेसनावर पेरू विकायची. मुदतीच्या तापातून उठली होती, हातापायांत त्राण राहिलं नव्हतं. तिला लिहून दिलेल्या औषधात कुचल्याच्या विषारी बियांचं सत्त्व होतं. आता हे नीट ऐका, कारण उद्या तुमच्या हातात तीच बाटली असेल. त्या औषधातला कुचला सोबतच्या क्षारामुळे हळूहळू तळाशी बसतो. बाटली हलवून घेतली तर प्रत्येक डोसात कणभर जातो आणि अंगात ताकद येते. न हलवता घेतली तर वरचं नुसतं पाणी. तळाच्या शेवटच्या डोसात मात्र सगळं जहर. म्हणून त्या बाटलीवर लाल लेबल असतं, ‘हलवून घ्यावे’.

देवीदासनं ते लावलं होतं. परीक्षकांनी पाहून बाटली पास केली. मग पास झालेल्या बाटल्या ताटात घालून बायकांच्या खिडकीवर नेऊन द्यायचं काम सूर्यभानकडे आलं. व्हरांड्यातून जाताना त्यानं लाल लेबल नखानं उचललं आणि मुठीत गुंडाळलं.

मारायचं त्याच्या मनात नव्हतं. ही त्याची बाजू म्हणून सांगतोय असं समजू नका. मनात एवढंच होतं की बाई वरचं पाणी पीत राहील, गुण येणार नाही, आठवड्यानं बोंबलत येईल आणि देवीदासचे मार्क जातील. आठवड्याच्या औषधात एक डोस वरचा असतो, तो तळाशी उरलेली बाटली आपण खिडकीवर काढून घेऊ आणि मोरीत ओतू.

माणिकबाईनं बाटली पदराखाली घेतली. वाचता येत नव्हतं बिचारीला. म्हणून तिनं खिडकीच्या गजाला धरून विचारलं, "बाबू, हे कसं घ्याचं जी?"

सूर्यभान म्हणाला, "तसंच घे."

"हलवा-बिलवाचं काई?"

"सांगतलं नं तुले, तसंच घे म्हून! चाल, बाजूले हो."

"तुमचं भलं होवो बापा," म्हणत ती गेली.

आणि इथं सूर्यभान एक गोष्ट विसरला. जो नियम तो रोज त्याच खिडकीतून बायांच्या अंगावर ओरडायचा, तोच विसरला. रिकामी बाटली धुऊन आणल्याशिवाय दुसरं औषध मिळणार नाही! गरीब माणसं औषध फेकत नाहीत. दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री माणिकबाईनं बाटली रिकामी केली, तळाच्या गाळात पाणी घालून, विसळून तेही प्यायली, आणि बाटली धुवायला उठली.

उठली ती कोसळली. कुचल्याचं जहर फार वाईट. माणूस शुद्धीवर असतो, सगळं कळत असतं, पण अंग धनुष्यासारखं वाकतं. नुसतं बोट लागलं तरी नवा झटका येतो. शेजाऱ्यांना काय ठाऊक? त्यांना वाटलं हिच्या अंगात काही शिरलं. त्यांनी तिला कडुलिंबाच्या फांद्यांनी झोडपलं. मिरच्यांची धुरी दिली. ती दात आवळून सगळ्यांकडे पाहत होती म्हणतात. पहाटेला सुटली.

मी तेव्हा गावी होतो, माझे वडील वारले होते. परतलो तोवर सगळं आटोपलं होतं. बाटलीवर लाल लेबल नव्हतं, परीक्षक नागपूरला निघून गेले होते, आणि देवीदास एकटाच गळा फाडून सांगत होता की मी लेबल लावलं होतं. वर्गातल्या दोघा-तिघांना संशय होता. पण मंडळाचा नियम! माणिकबाईच्या भावांनी देवीदासला दवाखान्याच्या फाटकात गाठून मारलं. त्याचा उजवा हात मनगटातून मोडला. वर्गातून नाव कमी झालंच, पण मंडळानंही ठराव करून त्याला काढलं. ठराव कोणी मांडला? चिटणीसानं. मोठं भाषण केलं म्हणे, रोग्याच्या विश्वासावर.

सूर्यभान पहिला आला. अक्षता पडल्या. अमरावतीला बाजाराच्या दिवशी कधी आला तर देवीदास त्याला भाजीच्या दुकानावर दिसायचा, डाव्या हातानं तराजू धरलेला. जुना सोबती म्हणून दोन वांगी जास्तीची टाकायचा. सूर्यभान ती घरी नेऊन खायचा. माणसाचं पोट किती निबर असतं पाहा.

आता खरी रात्र सांगतो. सदतीस सालचा जानेवारी, मार्गशीर्षातली वद्य नवमी. थंडी अशी की तुरीची पानं करपली होती.

सूर्यभानला तोवर एक मुलगी झाली होती, शालू. पाच वर्षांची, बोलायला मिठ्ठू. ती मुदतीच्या तापातून उठली होती आणि तिला पाय टेकवेना. धामणगावकडच्या त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. सूर्यभाननं वाचली तर तेच औषध. "साहेब, यात कुचला नको," म्हणाला. डॉक्टर खवळले. "तू बाटल्या भर. डॉक्टरकी मी करतो."

मग त्यानं काय केलं, दार लावून एकट्यानं औषध बनवलं आणि कुचला घातलाच नाही. नुसतं कडू मुळाचं पाणी आणि साखरेचा पाक. तळाशी बसण्यासारखं त्यात काही नव्हतंच. उजेडात धरलं तर आरपार दिसायचं. तरीही लाल लेबल लावलं, गोंद वाळेस्तोवर अंगठ्यानं दाबून बसला. सुभद्रेला सांगितलं, "दर डोसाले हलवूनच देजो. इसरशील तं पाह्य."

"येवढं काय हाये त्याच्यात?"

"काई नाई. पन हलव."

पहिला डोस दिला त्याच संध्याकाळी तो दवाखान्यात मोजमापाची भांडी धूत होता. दिवेलागण झाली होती, खिडकी बंद होती. बाहेरून हळू आवाज आला.

"बाबू, हे कसं घ्याचं जी?"

त्यानं खिडकी उघडली. अंगणात कोणी नव्हतं. दवाखान्याचं एक कुत्रं पायरीवर झोपलेलं, तेही उठलं नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. तिसऱ्याही. सूर्यभान आतूनच ओरडायचा, "हलवून घे! हलवून घे माय!" तेवढ्यापुरतं गप्प व्हायचं. त्याला वाटलं, आपण खरं उत्तर देतोय, म्हणजे हळूहळू फिटेल. इकडे शालूला गुण येत होता. भिंतीला धरून चार पावलं टाकायला लागली होती. सुभद्रा खूश होती.

नवमीच्या रात्री बाटलीत एकच डोस राहिला. सूर्यभान बाटली उजेडात धरून पाहत बसला. स्वच्छ होती. तळाशी काही नाही. सुभद्रेला म्हणाला, "हा डोस मी देईन. माह्या हातानं. तू हात लावू नको." ती हसली. बरं म्हणाली.

आणि दवाखान्याकडून आवाज आला. या वेळी घरापर्यंत आला.

"बाबू..."

सुभद्रेनं विचारलं, "काहून असे दचकले?" तिला ऐकू आलं नव्हतं.

त्याच्या मनात आलं, आज सोक्षमोक्ष लावून टाकू. शेवटचा डोस आहे, आजच पाय धरू. कंदील घेतला आणि निघाला. घर आणि दवाखाना यांच्यामध्ये फक्त एक अंगण. चंद्र उगवायला अजून फार वेळ होता. दवाखान्यात शिरून त्यानं कडी लावली, कंदील टेबलावर ठेवला आणि बायकांची खिडकी सताड उघडली.

ती होती.

गजाला धरून उभी. तोंड दिसत नव्हतं. मान मागे वाकलेली... फार मागे. हनुवटी वर, आभाळाकडे. दुसऱ्या हातात बाटली.

"हे कसं घ्याचं जी?"

सूर्यभान गुडघ्यावर बसला. "हलवून घे माय. मी खोटं बोल्लो. लेबल मीच काढलं, देवीदासनं नाई. माही चूक हाये. उद्या सगळ्याईले सांगतो. हलवून घे."



"तुमी तं तसंच घे म्हनलं होतं."

"चुकलो माय..."

"मी तसंच घेतलं."

त्यानं हात जोडले. कंदिलाची ज्योत सरळ होती. वारा नव्हता. तिची बोटं गजावर होती, आणि ती वाकडी होती. सगळी.

"शेवटला डोस राह्यला जी. कोनाले देऊ?"

त्यानं जोडलेले हात कपाळाला लावले.

ती थांबली. मग अगदी नेहमीच्या आवाजात, औषध घेऊन जाताना बाया बोलतात तशी म्हणाली...

"देल्ला जी."

खिडकीत कोणी नव्हतं.

सूर्यभान धावला. कडी निघेना, बोटं सोलली. अंगण ओलांडलं. घराचं दार उघडंच होतं. सुभद्रा पदरानं शालूचं तोंड पुसत होती. चमचा खाली ठेवलेला. बाटली रिकामी.

"काय देलं?"

"डोस देल्ला नं."

"मी म्हनलं होतं तुले! हलवली होती का? सुभद्रे, हलवली होती का?"

ती गोंधळून त्याच्याकडे पाहायला लागली. "आता तुमीच तं आले होते मांगच्या खिडकीपाशी. बाटली मांगतली, पाह्यली, वापस देल्ली. म्हनले, मले येळ हाये, तू दे. तसंच दे."

"मी?"

"मंग कोन? तुमचा आवाज मले समजत नाई का?"

त्यानं बाटली उचलली. तळाशी पांढरा गाळ चिकटला होता. त्यानं न घातलेला.

"बाबा, कडू लागलं," शालू म्हणाली.

...

तुम्हाला झोपायचं असेल तर आत्ता उठा. पुढचं ऐकलं की उठवत नाही.

पोरीचा जबडा आधी आवळला. मग पाठ उचलली. सुभद्रा तिला पोटाशी धरायला धावली आणि सूर्यभाननं बायकोला खोलीबाहेर ढकलून दिलं. कारण त्याला ठाऊक होतं. बोट लागलं की झटका. तो दारात आडवा उभा राहिला. "हात लावू नको! तिले हात लावू नको!" सुभद्रेला वाटलं नवऱ्याला वेड लागलं. तिनं त्याला ओरबाडलं, चावली. पोरगी पूर्ण शुद्धीवर होती. झटका ओसरला की एवढंच म्हणायची...

"माय, मले घे नं."

पुन्हा झटका. पुन्हा तेच.

"माय... घे नं मले."

दवाखान्याचा चौकीदार डॉक्टरांना आणायला गेला तो लवकर परतलाच नाही. चंद्र उगवला तेव्हा पोरीचा आवाज थांबला. तेव्हा सूर्यभान दारातून बाजूला झाला आणि म्हणाला, "आता घे."

सुभद्रेनं घेतलं.

मी तेव्हा बडनेऱ्याला होतो. निरोप आला तसा सकाळच्या गाडीनं गेलो. पोरीला मूठमाती देऊन लोक परतत होते. सुभद्रा त्याच दिवशी बापाबरोबर अकोल्याला गेली. जाताना नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या लेखी त्यानंच तिला लेकराजवळ जाऊ दिलं नव्हतं, आणि ते खरंच होतं. सूर्यभाननं ओसरीवर बसून मला पहिल्यापासून सगळं सांगितलं. एकदाही रडला नाही. मला इतका राग आला होता की त्याच्या थोबाडीत मारावी, आणि इतकी कीव आली की हात उचलेना. मी म्हटलं, "चल भातकुलीले. देवीदासच्या पायावर डोकं ठेव." तो गेलाही माझ्यासोबत. देवीदासनं सगळं ऐकून घेतलं, डाव्या हातानं मेथीवर पाणी शिंपडत राहिला, आणि एवढंच म्हणाला, "मले सांगून काय उपेग? मी लेबल लावलं होतं, हे मले ठाऊकच होतं." सूर्यभान तिथून कुठे गेला ते आजवर कोणाला कळलं नाही. कोणी म्हणतं हिवरखेडच्या बाजूला बैरागी झाला, कोणी म्हणतं रुळावर गेला. मला माहीत नाही आणि मी शोधलंही नाही.

भातकुलीला निघण्याआधी त्यानं ती बाटली माझ्या हातात दिली होती. "केशव, हे धुऊन दे," म्हणाला, "माह्यानं निंगत नाई." मी राख घेतली, चिंच घेतली, बाहेरून लख्ख घासली. बाटली साधी, काचेची, बाजूला डोसांची पट्टी, लाल लेबल जागच्या जागी, एक कोपराही सुटलेला नाही. उन्हात धरली तेव्हा काचेवर बोटांचे ठसे दिसले. पाचही बोटांचे, वाकड्या बोटांचे. मी पुन्हा घासली. फडक्यानं पुसली. ठसे तसेच होते.

मग माझ्या ध्यानात आलं. ते काचेच्या आतल्या बाजूनं होते.

आणि त्या बाटलीच्या तोंडातून माझी करंगळीसुद्धा आत जात नव्हती.